मिशनच्या वर्गात आमचा हक्क की त्यांची मर्जी?

शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकर पाड्यांवर मुंबईच्या कॉलेजांतले विद्यार्थी सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन येतात. प्रश्न त्यांचे, उत्तरे आमच्या लोकांची.

मिशनऱ्यांचे ऋण आम्ही नाकारत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले. जॉन विल्सन यांनी 1832 साली काढलेल्या शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले, 1869 साली जेझुइटांचे सेंट झेवियर्स आले. विज्ञान आणि समाजशास्त्र तिथे रुजले. समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था 1936 साली टाटांच्या पैशातून उभी राहिली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हेही अमेरिकन मिशनरीच.

पण हक्काचे काय? 93 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 15(5) ने खासगी कॉलेजांत आरक्षणाची वाट उघडली, अल्पसंख्याक संस्था मात्र त्यातून वगळल्या. तिथे जागा मिळाली तर ती संस्थेची मर्जी. बाबासाहेब कुणाच्या मर्जीवर थांबले नाहीत. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली सिद्धार्थ कॉलेज.

शहापूरच्या तानसाचे पाणी मुंबई 1892 पासून पिते आहे. त्या तलावाकाठच्या पोरीने फॉर्मला उत्तरे देत बसू नये, फॉर्म तिने तयार करावा. त्यासाठी आम्हाला कायदा हवा, कृपा नको.