मांडवीच्या वखारी आणि प्लेग

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांना गांठीच्या तापाचे रोगी आढळले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. खालीं पोत्यांच्या थप्प्या, वरच्या मजल्यांवर दाटीनें राहणारीं माणसें. धान्य तेथें उंदीर, आणि उंदीर तेथें बिळें, हें ठरलेलेंच.

साथ भडकतांच उपायांची धांदल उडाली. घाणींतून व दूषित हवेंतून रोग उपजतो, असा तेव्हां पुष्कळांचा समज होता. म्हणून कार्बोलिक ॲसिड ओतून गटारें धुतलीं, भिंतींना चुना दिला, उजेड शिरावा म्हणून छपरांचीं कौलेंहि काढलीं. परंतु लाखों लोक शहर सोडून गेले होते; पेढ्यांस कुलुपें लागलीं. बंद वखारीची डागडुजी करणार कोण?

१८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व दाट वस्तींतून रुंद रस्ते निघूं लागले. त्याच वर्षीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें उंदराच्या पिसवांवर बोट ठेविलें. १९०५ पासून चाललेल्या प्लेग-संशोधनानें तें सिद्ध केलें.

म्हणजे शत्रु भिंतीवर नव्हता, जमिनीखालीं होता. बीळ बुजविणें, फरशी सांधणें, मोरीस जाळी बसविणें हीं गवंड्याचीं साधीं कामें. तीं व्यापार तेजींत असतांनाच व्हावयास हवीं. भीतीपोटीं दिलेला चुना पावसाळ्यांत धुऊन जातो. सुबत्तेंत सांधलेली फरशी मात्र संकटांत घर राखते.