मामांच्या गोळ्या आणि फायफरचं विष

मागच्या महिन्यापासून मामा आमच्याकडे दिघीला राहायला आलेत. सिरॉसिस. लिव्हरचा हा आजार म्हटला की सोसायटीतले लोक एकमेकांकडे एका विशिष्ट नजरेनं बघतात, म्हणून आधीच सांगून टाकतो : मामा माळकरी आहेत, दारूला उभ्या आयुष्यात शिवलेले नाहीत. वीस वर्षांचा डायबेटिस आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी, एवढं पुरलं. (दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं. मी वाचलं.)

एकादशीला ते एकटेच आळंदीला गेले आणि परत येताना दिघीचा स्टॉप आला तरी बसमधून उतरलेच नाहीत. कुठे उतरायचं हेच आठवेना. डॉक्टरांनी एक गोड सिरप दिलं आणि रिफॅक्सिमिनच्या गोळ्या. ही अँटिबायोटिक आहे हे कळल्यावर मामा म्हणाले, "अरे, मला ताप नाही, जखम नाही. जंतू मारायचेत कुठले?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या मागे लागलो तो थेट १८९२ सालच्या बर्लिनमध्ये जाऊन पोचलो.

रॉबर्ट कॉखच्या संस्थेत रिचर्ड फायफर नावाचा डॉक्टर कॉलऱ्याचं विष शोधत होता. घटसर्पाचे जंतू आपलं विष बाहेर सोडतात, हे तेव्हा कळलेलं होतं. जंतू गाळून काढले तरी उरलेलं पाणी जनावराला मारतं. फायफरला वेगळंच दिसलं. त्याने कॉलऱ्याचे जंतू उष्णतेनं मारले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगना टोचले, तरीही गिनीपिग मेले. म्हणजे हे विष जंतूच्या शरीरातच होतं. त्याला नाव पडलं एंडोटॉक्सिन, आतलं विष.

गंमत अशी, की माणसाला कॉलऱ्यात मारणारं विष हे नव्हेच! ते जंतू बाहेर सोडतात, आणि ते १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. फायफर शोधायला गेला एक आणि सापडलं भलतंच.

हाच फायफर १८९७ साली मुंबईत होता. प्लेगचा अभ्यास करायला जर्मन सरकारनं जे पथक पाठवलं त्यात तो होता; कॉख मागाहून येऊन मिळाला. त्याच वर्षी १० जानेवारीला हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. लस म्हणजे उष्णतेनं मारलेले प्लेगचे जंतू. टोचल्यावर ताप यायचा. प्लेगचे जंतूही हे आतलं विष बाळगणाऱ्या जातीतले, तेव्हा त्या तापात त्याचा वाटा असणारच.

आता मामांच्या पोटाकडे येऊ. या जातीचे जंतू आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात कायम वस्तीला असतात. ते मरतात, फुटतात, आणि त्यांच्या कवचाचे तुकडे थोडेफार रक्तात झिरपतात. पण आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी लिव्हरमधून जातं. तिथे कुप्फर पेशी बसलेल्या असतात, त्या हे तुकडे गिळून टाकतात. आमच्या भाषेत फायरवॉल. सिरॉसिसमध्ये तीन गोष्टी एकदम बिघडतात : आतड्याची भिंत जास्त झिरपते, कुप्फर पेशी थकतात, आणि लिव्हर दगडासारखं झाल्यानं रक्त आडवाटेनं, लिव्हरला वळसा घालून पुढे जातं. जंतू रक्तात नसले तरी त्यांचं विष असतं.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग बॉस्टनचा. कोलीन कमी असलेलं अन्न देऊन उंदरांना सिरॉसिस करता येतो. १९५७ मध्ये असं दिसलं की तेच अन्न देऊन सोबत आतड्यातले जंतू मारणारं औषध दिलं, तर सिरॉसिस टळतो. मग १९६४ मध्ये ब्रॉइटमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी औषध चालूच ठेवलं, पण पिण्याच्या पाण्यात नुसतं एंडोटॉक्सिन मिसळलं. औषधाचं संरक्षण गेलं, सिरॉसिस झाला. एकच व्हेरिएबल बदलून बग पकडावा, तसं! म्हणजे आजारी लिव्हर विष अडवू शकत नाही आणि ते विष लिव्हरला आणखी आजारी करतं. दुष्टचक्रच.

पण माणसाच्या रक्तात हे विष मोजायचं कसं? इंजेक्शनची औषधं पूर्वी सशांना टोचून, ताप येतो का ते बघत. पेशंटचं रक्त असं तपासणं अवघडच. उपाय निघाला समुद्रातून. घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या हॉर्सशू क्रॅबचं निळं रक्त या विषानं गोठतं, हे फ्रेडरिक बँगनं १९५६ मध्ये नोंदवलं, आणि पुढे जॅक लेव्हिनबरोबर त्याची टेस्ट बनवली. (आपल्याकडे हे प्राणी ओरिसाच्या किनाऱ्यावर येतात. नावात क्रॅब असलं तरी नातं कोळ्याशी.) सिरॉसिसच्या पेशंटवर ही टेस्ट लावली तेव्हा सुरुवातीला एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळेना, कारण माणसाच्या रक्तातलेच काही घटक टेस्टमध्ये खोडा घालतात. ते दूर करायच्या युक्त्या सापडल्यावर चित्र बरंच स्पष्ट झालं : आजार जितका पुढे गेलेला, तितकं विष साधारण जास्त.

मामांची गोळी रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाही, आतड्यातच राहून काम करते. डोक्याचा गोंधळ पुन्हा होणं तिच्यानं कमी होतं हे २०१० च्या मोठ्या चाचणीत दिसलं, आणि त्यात अमोनियाचा वाटा मोठा समजतात. रक्तातलं एंडोटॉक्सिन तिच्यानं किती घटतं यावर मात्र अभ्यासांचं अजून एकमत नाही.

रविवारी रात्री हे सगळं मामांना सांगितलं. उंदीर, ससे, निळं रक्त, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या कॉलऱ्यावाल्याला आपल्या मुंबईत प्लेग नाही ना झाला?"

नाही झाला. पुढच्या एकादशीला मी पण बरोबर जाणार आहे.