पाचारण, विदेशी मिशनकार्याचे

पाचारण, विदेशी मिशनकार्याचे : आपला देश सोडून परक्या लोकांत सुवार्ता सांगायला जावे अशी देवाचीच इच्छा आहे, अशी एखाद्या ख्रिस्ती व्यक्तीची खात्री पटणे आणि तिने त्याप्रमाणे निघणे. त्याला नव्या करारातले दोन आधार दिले जातात : मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा, आणि प्रेषितांच्या कृत्यांतला पौलाचा दृष्टान्त, ज्यात मासेदोनियाचा एक माणूस त्याला मदतीला बोलावतो. ही आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरतीच होती, असे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुष्कळ प्रॉटेस्टंट मानत. विल्यम कॅरी यांनी १७९२ मध्ये पुस्तिका लिहून हे मत खोडले आणि पुढच्याच वर्षी बंगालची वाट धरली. १८०५ मध्ये श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापणारे कॅरी ते हेच.

अमेरिकेत या पाचारणाला संघटित रूप आले ते विद्यार्थ्यांमुळे, आणि त्याची पहिली कायमची वस्ती झाली मुंबईत. ऑगस्ट १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले असता वादळ आले. त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला, आणि आशियात मिशनरी पाठवण्याचा विचार तिथेच बोलला गेला. त्यांचा म्होरक्या सॅम्युएल मिल्स. याच मंडळींनी १८०८ मध्ये एक गुप्त बंधुसंघ काढला. त्याची नियमावली सांकेतिक लिपीत लिहिली होती, कारण असल्या खुळाची वाच्यता झाली तर चर्चची वडीलधारी मंडळी बिथरतील ही धास्ती. खुद्द मिल्स आशियात कधीच आले नाहीत. पश्चिम आफ्रिकेहून परतताना १८१८ मध्ये जहाजावरच त्यांचा मृत्यू झाला.

पुढचा टप्पा अँडोव्हरच्या धर्मशिक्षणालयातला. जून १८१० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी ब्रॅडफर्ड येथे भरलेल्या पाळकांच्या सभेपुढे अर्ज ठेवला : परदेशी जाण्याची आमची तयारी आहे, तर आम्ही आपल्या देशातील चर्चवर भरवसा ठेवावा की युरोपातल्या एखाद्या संस्थेकडे जावे? अर्जावर मुळात सहा नावे होती. एकदम सहा जण पाहून सभा घाबरेल म्हणून ल्यूथर राइस आणि जेम्स रिचर्ड्स यांची नावे वगळली गेली. पाचारणाच्या चरित्रकथांत दिव्य वाणीचे वर्णन भरपूर असते. कागदपत्रांत मात्र अर्ज, शिफारसपत्रे आणि जहाजाचे भाडे हेच जास्त दिसते, आणि ते अधिक बोलके आहे. माणसाला वाटले म्हणून कोणी जात नसे. त्याची पारख मंडळी करी, पैसे मंडळी उभारी आणि दीक्षाही मंडळीच देई. त्या अर्जातून ‘अमेरिकन बोर्ड’ हे परदेशी मिशनरी पाठवणारे मंडळ स्थापन झाले. बोर्डाला स्वतःच्या ऐपतीची एवढी शंका होती, की १८११ मध्ये अर्जदारांपैकी ॲडोनिराम जडसन यांना लंडन मिशनरी सोसायटीकडे भागीदारी विचारायला पाठवले. वाटेत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडून त्यांना काही काळ तुरुंगात टाकले, आणि लंडनने भागीदारीला नकार दिला.

गॉर्डन हॉल (८ एप्रिल १७८४–२० मार्च १८२६) यांचे उदाहरण या साऱ्यात सर्वांत स्पष्ट. कनेटिकटमधील वुडबरीच्या मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलावले होते. स्वदेशातले हे स्थिर पद त्यांनी नाकारले. बोर्डाचा निर्णय होईपर्यंत वेळ वाया घालवण्याऐवजी त्यांनी वैद्यकाचे थोडे शिक्षण घेतले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे हॉल, जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल आणि राइस या पाच जणांना दीक्षा मिळाली. त्याच महिन्यात दोन जहाजांतून ते भारताकडे निघाले.

पाचारण स्वीकारणाऱ्यांच्या हिशेबात ईस्ट इंडिया कंपनी नव्हती. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील आणि व्यापार बिघडेल, अशी कंपनीची धारणा. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले. कलकत्त्यात उतरताच निघून जाण्याचा हुकूम आला. जडसन आणि राइस यांनी तिथे बॅप्टिस्ट मत स्वीकारले व बोर्डाशी त्यांचा संबंध सुटला. जडसन ब्रह्मदेशात गेले. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट हिला नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसमध्ये मृत्यू आला. ती अवघी १९ वर्षांची होती. तिच्या आठवणींचे पुस्तक अमेरिकेत अनेकदा छापले गेले आणि घरोघरच्या मुलींनी वाचले. जिवंत मिशनऱ्यांच्या अहवालांपेक्षा या पुस्तकाने अधिक जणांना मिशनकार्याकडे ओढले असावे.

हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा आदेश पाठोपाठ आला. दोघे गुपचूप गलबताने कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना परत आणले गेले. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांना सविस्तर पत्रे लिहून आपली बाजू मांडली, नेपियन यांनी सबुरी दाखवली, आणि तेवढ्यात १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये मायदेशी परतले. न्यूएल मॉरिशस-श्रीलंकेच्या वाटेने मुंबईला आले होते, ते १८२१ मध्ये पटकीने गेले.

न्यूएल आणि हॉल यांनी मिळून लिहिलेली जगाच्या धर्मांतराविषयीची पुस्तिका १८१८ मध्ये निघाली. साठ कोटी बिगरख्रिस्ती माणसे, वीस हजारांमागे एक मिशनरी, म्हणजे तीस हजार मिशनरी हवेत, असा तिचा हिशेब. हे गणित वाचताना आज अवघडल्यासारखे होते, कारण त्यातल्या साठ कोटींना कोणी काहीच विचारलेले नाही. पण हेच लिहिणारे हॉल मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांच्या आवारात आणि बाजारात रोज मराठीत बोलत, लोकांच्या उलट प्रश्नांना तोंड देत. त्यांच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे जवळपास कोणी नव्हते. शाळा, छापखाना, नव्या कराराचे मराठी भाषांतर हेच हाती लागलेले पीक.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकला गेले तेव्हा तिथे पटकीची साथ भडकली होती. जवळची औषधे त्यांनी वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर मुक्काम असताना पहाटे त्यांनाच पटकीने गाठले, आणि काही तासांत, वयाच्या ४१ व्या वर्षी, ते वारले. सोबत आलेल्या दोन तरुणांनी कसाबसा खड्डा खणून त्यांना पुरले. पत्नी मार्गारेट आदल्या वर्षीच मुलांना घेऊन अमेरिकेला गेली होती.

स्त्रियांना पाचारण असते ते मिशनऱ्याची पत्नी म्हणून, अशी बोर्डाची सुरुवातीची समजूत होती. ती मोडली ती सिंथिया फरार (मराठी लेखनात ‘मिस फरार’) यांच्यासारख्यांनी. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण त्यांच्याआधी, १८२२ मध्ये, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बेट्सी स्टॉकटन हवाईला निघाल्या होत्या, हे सहसा विसरले जाते. फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होतीच, त्या कामाची जबाबदारी त्यांनी घेतली. पुढे त्या अहमदनगरला गेल्या. मिशनचे हे केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले होते, आणि तिथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. फरार यांच्या नगरच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचे शिक्षण घेतले. जोतीराव आणि सावित्रीबाई दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. फरार यांचा मृत्यू १८६२ मध्ये नगरलाच झाला.