संशोधनाचा शिधा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या वेळी आपण आज जेथे बसलो आहोत तेथे भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे होते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर हे शहर उभे राहिले. अशा नव्या शहराने ही जुनी प्रथा चालविली आहे, याचा मला आनंद वाटतो.

आजचा विषय मला एका तरुण प्राध्यापकाने दिला असे म्हटले तरी चालेल. ते या परिसरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवितात. ठाण्याच्या खाडीतील मासळी का घटली, याचा अभ्यास करावा असे त्यांच्या मनात आहे. ते मला म्हणाले, "सर, विषय आहे, विद्यार्थी आहेत, शेजारी कोळीवाडाही आहे. पैसा मात्र नाही. तो मिळतो कोठे, हेच कोणी सांगत नाही." मी इतिहासाचा विद्यार्थी. अर्ज कोठे करावा हे मी त्यांना कसे सांगणार? परंतु महाराष्ट्रात संशोधनाला शिधा कोणी दिला, कसा दिला आणि कोणाला नाकारला, हे मी सांगू शकतो. तेच आज आपणापुढे मांडतो.

या कथेचा आरंभ पेशवाईतील दक्षिणेपासून करावा लागतो. तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा परिपाठ घातला होता. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर हा परिपाठ पेशव्यांकडे आला व पुण्यात वाढीस लागला. पेशवाई बुडाली तरी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला पन्नास हजार रुपयांची तरतूद त्याने चालू ठेवली आणि त्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे लोकहितवादींच्या पिढीतील सुधारकांनी सरकारकडे मागणी केली की, या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. जुन्या मंडळींनी कडवा विरोध केला. तरीही १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. त्यानंतर कॉलेजांत दक्षिणा फेलोशिप निघाल्या. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही अशा फेलोशिपवर राहून गेले. भोजनोत्तर ब्राह्मणाच्या हातावर पडणारा पैसा शंभर सव्वाशे वर्षांत विद्यार्थ्याच्या अभ्यासवृत्तीत रूपांतरित झाला, ही घटना लहान नव्हे. पैसा तोच होता. तो कशासाठी द्यावयाचा याविषयी समाजाने वाद घातला आणि त्या वादाने त्याची दिशा बदलली.

परंतु या फंडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे! देणारा एकच आणि त्याच्या दाराशी बसलेले एकाच विचाराचे, अशी स्थिती असली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. शिध्याच्या कोठारावर कोण बसला आहे हा प्रश्न कोठारात किती आहे याइतकाच महत्त्वाचा असतो.

आता विसाव्या शतकाकडे वळू. ६ जुलै १९१७ रोजी, डॉ. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. वृद्ध भांडारकरांनी आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. पुढील वर्षी सरकारने डेक्कन कॉलेजातील हस्तलिखितांचा मोठा संग्रह तिच्या स्वाधीन केला. घर झाले, पोथ्या आल्या; पण काम कोणते हाती घ्यावयाचे? महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, ही कल्पना युरोपातील पंडितांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घोळत होती. विंटरनिट्झ यांनी ती हिरिरीने मांडली होती, ल्यूडर्स यांनी नमुन्यादाखल थोडा भाग छापलाही होता. पहिल्या महायुद्धाने तो उद्योग खुंटला. तो पुण्याच्या या नवजात संस्थेने उचलला.

१९१८ साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी एक लक्ष रुपये देण्याचे जाहीर केले. औंध हे संस्थान ते केवढे! मोठ्या संस्थानिकांच्या मानाने ते अगदी लहान. परंतु बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, महाभारतावर त्यांचे प्रेम होते, आणि या कामाला एका पिढीहून अधिक काळ लागेल हे समजून घेण्याची त्यांची तयारी होती. १ एप्रिल १९१९ रोजी कामाला रीतसर प्रारंभ झाला.

यानंतर संस्थेने जे केले ते आमच्या प्राध्यापकमित्राने लक्षपूर्वक ऐकावे. पहिली गोष्ट, तिने एकदम पूर्ण महाभारताला हात घातला नाही. १९२३ साली ना. बा. उतगीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती तयार केली आणि ती देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायासाठी धाडली. अभिप्राय आले, त्यात टीकाही होती. तिला अनुसरून पद्धती सुधारली. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी पाठांची तुलना जवळजवळ गणिती शिस्तीने केली. १९२७ साली पहिला अंश बाहेर पडला आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले. छापील काम हातात पडू लागताच देणाऱ्यांचा विश्वास वाढला, हे सांगावयास नकोच.

दुसरी गोष्ट, संस्थेने सगळे काम पुण्यात कोंडून ठेवले नाही. दक्षिणेतील पोथ्यांचे पाठ ताडण्यासाठी तंजावरला आणि बंगालमधील पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात केंद्रे चालविली. संपादनातही वाटेकरी घेतले. विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार दे यांनी आणि सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. ज्याला आज आपण संस्थांमधील सहकार्य म्हणतो, ते पुण्यातील या संस्थेने आगगाडी आणि टपाल एवढ्याच साधनांवर साधले.

तिसरी गोष्ट, तिने एकाच दारावर भिस्त ठेवली नाही. औंधच्या देणगीवर अठ्ठेचाळीस वर्षे चालणारे काम पुरे होणे शक्य नव्हते. सरकारी अनुदाने मिळविली, इतर संस्थानिकांकडे शब्द टाकला. हैदराबादच्या निजामांनीही महाभारताच्या कामाला आणि अतिथिगृहाला साहाय्य केले. एका मुसलमान राजाने हिंदूंच्या महाकाव्याच्या पाठशुद्धीला पैसा दिला, ही गोष्ट आजही वाचली म्हणजे मन क्षणभर थबकते.

सुकथनकर १९४३ साली गेले. त्यांच्यामागून बेलवलकरांनी आणि नंतर प. ल. वैद्यांनी धुरा वाहिली. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, १९५१ साली बाळासाहेबही निवर्तले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी या आवृत्तीच्या पूर्ततेची घोषणा केली, तेव्हा तिला पहिला लाख देणारा राजा नव्हता आणि त्याचे राज्यही नव्हते. एकोणीस ग्रंथ मात्र होते. बाराशेंवर हस्तलिखितांच्या तुलनेतून ते सिद्ध झाले होते.

कोणी म्हणेल, हे संस्कृताचे झाले, विज्ञानाचे काय? तेथेही चित्र निराळे नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. मुंबईच्या कापडगिरण्यांना रंग आणि धुलाई यांचे शास्त्र जाणणारे लोक हवे होते, विद्यापीठाला नवे क्षेत्र हवे होते; दोन गरजांची गाठ पडली. पुढे प्राध्यापक वेंकटरामन यांनी तेथे रंगद्रव्यांच्या संशोधनाची एक परंपराच निर्माण केली. गिरण्या बंद पडल्या, संस्था टिकली. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले आणि त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. तिच्या खर्चातही ट्रस्ट, मुंबई सरकार आणि हिंदुस्थान सरकार असे तिघे वाटेकरी होते.

परंतु मला आपणाला अधिक जवळची कथा सांगावयाची आहे, कारण तिचा शेवट याच शहरात होतो. याच टाटा ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर या गोमंतकीय विकृतिशास्त्रज्ञाकडे आली. हे मुळात वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षक. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे काम करू लागल्या. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या अभ्यासवृत्तीवर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याच्या विद्येत गाय यांचा हातखंडा होता. रणदिवेबाईंनी ती विद्या घेतली आणि त्या मायदेशी परतल्या. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील ती पहिली मानली जाते. अभ्यासवृत्ती एका व्यक्तीला मिळाली होती, फळ सबंध संस्थेला मिळाले.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी तेथील स्थानिक संस्थेच्या सहकार्याने केला. आणि १९७३ साली त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, जिची वास्तू येथे वाशीत आहे. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचे बिऱ्हाडही २००२ साली खारघरला आले. सुमारे साठ एकरांवरचे ते केंद्र आपण जाता-येता पाहतो. खाडी ओलांडून आलेली ही दोन घरे एकाच वंशातील आहेत, हे या शहरातील किती लोकांना ठाऊक असेल?

आता आमच्या प्राध्यापकमित्राकडे येतो. आज दारे पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चणे भाग पाडले, आणि सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाचा समावेश पुढे त्या कार्यात झाला. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. राज्य विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यात संशोधन रुजविणे हा त्याच्या हेतूंपैकी एक आहे. मोठ्या संस्थेशी लहान विद्यापीठांना जोडून देण्याची योजनाही त्याने काढली. तरीही महाविद्यालयातील शिक्षक दाराशी ताटकळत राहतो. त्याला अर्ज लिहावयास सवड नाही, हिशेब ठेवावयास कारकून नाही, आणि पुष्कळदा नेमणूकही कायमची नाही. हे दुखणे खरे आहे. त्याचा सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सुकथनकरांच्या मागे एक संस्था उभी होती. ज्यांच्या मागे संस्था नव्हती त्या राजवाड्यांनी इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले खरे, पण त्यासाठी आयुष्यभर वणवण केली. प्रत्येक शिक्षकाने राजवाडे व्हावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे संशोधन बंद पाडणेच होय. पत्रव्यवहार सांभाळील आणि हिशेब चोख ठेवील असा एक माणूस प्रत्येक महाविद्यालयाने नेमला, तर अर्धे काम होईल.

राहिलेल्या अर्ध्या कामासाठी इतिहास जे सांगतो ते साधे आहे. आधी विराटपर्व करावे, मग महाभारत. म्हणजे सबंध खाडी न घेता एका बंदराची एका वर्षाची मासळी मोजावी, ते टिपण जाणकारांना दाखवावे, टीका ऐकून घ्यावी. एकट्याने करू नये. वाशीत आणि खारघरला अनुभवी माणसे आहेत, कोळीवाड्यात तर पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे, आणि त्या ज्ञानाचे श्रेय छापील पानावर नावानिशी द्यावे. आणि एकाच दात्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्याने खाडीच्या अभ्यासाला पैसा देऊ केला, तर तो घ्यावा की न घ्यावा? निष्कर्ष काहीही निघो, तो छापण्याची मोकळीक आधी लेखी मिळत असेल आणि शेजारी दुसरा दाता असेल, तर घ्यावा; नाहीतर 'तृतीय रत्ना'ची आठवण ठेवावी.

श्रोतेहो, दक्षिणेची दिशा बदलली ती पुण्यातील काही लोकांनी सरकारपुढे अर्ज ठेवून वाद घातला म्हणून. या सभागृहातील आपण सारे कर भरतो, आपल्यापैकी काहीजण कारखाने चालवितात, काही संस्थांचे विश्वस्त आहेत. तो प्राध्यापक आज मागच्या रांगेत बसला आहे. सभा संपल्यावर आपल्यापैकी कोणी त्याला गाठून, "खाडीचे काम सुरू करावयास किती लागेल?" एवढे जरी विचारले, तरी माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.