मौजे अणदूर ते कैरो : अनुवादाची वाट



स्मरणिकेसाठी लेख पाठव असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे बरेच जण असतील हे गृहीत धरून मी वेगळा विषय निवडला. गेली काही वर्षे मी फावल्या वेळात इजिप्तमधल्या लेखकांची पुस्तके वाचते आहे. मला अरबी येत नाही, म्हणजे सगळे वाचन अनुवादातून. संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अणदूरच्या मुलीला हे काय सुचले, असे तुम्हाला वाटेल. पण मराठी माणसाची इजिप्तशी ओळख आपल्या समजापेक्षा जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या गावापर्यंतही येतो.

शाळेत आपण इजिप्त शिकलो तो एवढाच : पिरॅमिड, ममी, फेरो आणि नाईल नदीची देणगी. इतिहासाच्या पुस्तकातला तो धडा संपला की तो देशही संपायचा. त्यानंतरच्या दोन हजार वर्षांत तिथे माणसे राहत होती, त्यांची लग्ने, भांडणे, कोर्टकचेऱ्या होत होत्या, हे परीक्षेत कोणी विचारत नव्हते.

मराठीत मात्र ती माणसे १८६१ सालीच यायला लागली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' लिहायला घेतल्या त्या याच सुमारास. पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते काम चालवले आणि हरि कृष्ण दामले यांनी पुरे केले. हा अनुवाद मूळ अरबीतून झालेला नव्हता, इंग्रजीवरून केलेला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९७०च्या दशकात, गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड मराठीत आणले. इरावती कर्वे यांची ही मुलगी. सोळा खंडांचे हे काम एका बाईने एकटीने केले, हे मला कोणत्याही पिरॅमिडपेक्षा कमी वाटत नाही.

आपल्याला वाटते या गोष्टी बगदादच्या. खलिफा हारून अल रशीद बगदादचा, हे खरेच. पण हा ग्रंथ शतकानुशतके वाढत गेला आणि त्याचा मोठा भाग कैरोत घडला. तो अरबीत संपूर्ण छापला गेला तोही कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात, १८३५ साली. उलट, आपल्या सर्वांना पाठ असलेले अलिबाबा आणि अल्लाउद्दीन जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडतच नाहीत. गालाँ नावाच्या फ्रेंच अनुवादकाला ते हन्ना दियाब या अलेप्पोच्या माणसाने १७०९ साली पॅरिसमध्ये सांगितले, आणि तिथून ते जगभर गेले.

शेवटच्या रात्रींमध्ये कैरोतल्या मारूफ नावाच्या चांभाराची गोष्ट येते. जुनी पायताणे सांधून पोट भरणारा गरीब माणूस. त्याची बायको एके दिवशी हट्ट धरते की मला मध घातलेला कुनाफा हवा. कुनाफा म्हणजे शेवयांसारखा गोड पदार्थ. मारूफकडे पैसे नसतात. हलवाई दया येऊन उधार देतो, पण मध संपलेला असल्याने त्यावर उसाची काकवी घालून देतो. मधाऐवजी काकवी आणली म्हणून बायको घर डोक्यावर घेते. गुऱ्हाळावर वाटीत गरम काकवी घेऊन बसलेल्या आपल्यापैकी कोणालाही हे घर परके वाटणार नाही. चमत्कार आणि जिन नंतर येतात. त्याआधी येतो तो उधारीवर चाललेला संसार.

आता आपल्या गावाचा धागा. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही उस्मान अली खान यांच्यावरूनच पडले. राज्यकारभार उर्दूत चाले. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा सगळे उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले आणि त्यासाठी आधीच 'दारुल तर्जुमा' म्हणजे अनुवादाचे खाते उघडले गेले होते. वैद्यक, गणित, इतिहास, कायदा अशा विषयांची पुस्तके तिथे उर्दूत उतरवली गेली. काम मोठे होते, यात शंका नाही. पण आपल्या भागातल्या मराठी शेतकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद होते, सगळे उर्दू लिपीत. आपली जमीन किती आणि कुठून कुठपर्यंत हे वाचून घ्यायला वडिलांना ते कागद घेऊन नळदुर्गला एका वृद्ध गृहस्थांकडे जावे लागले होते. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला आली, त्यानंतर चार दिवसांत राज्य बदलले, पण ट्रंकेतले कागद त्याच भाषेत राहिले.

म्हणूनच तौफीक अल हकीम यांचे पुस्तक वाचताना मी थबकले. हे इजिप्तचे मोठे नाटककार. पॅरिसला कायदा शिकले आणि परत आल्यावर खेडोपाडी सरकारी वकील म्हणून काम केले. त्या अनुभवावर त्यांनी १९३७ साली एका खेड्यातल्या सरकारी वकिलाची रोजनिशी म्हणून कादंबरी लिहिली. गावात खून होतो, तपास सुरू होतो, कागदांचे गठ्ठे वाढत जातात आणि खुनी काही सापडत नाही. मधल्या काळात कोर्टात गरीब फलाह, म्हणजे तिथले शेतकरी, एकामागून एक उभे केले जातात. कालव्यात कपडे धुतले म्हणून दंड. कायदा फ्रान्समधून आणलेला. कालव्यात नाही धुवायचे तर कुठे धुवायचे, हे त्या शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. गावच्या पाटलाला तिथे 'उमदा' म्हणतात. आपण उमदा घोडा म्हणतो तोच हा शब्द. वकील, अर्ज, कायदा, तारीख, तालुका, जिल्हा, हे सगळे शब्द अरबीतूनच आपल्याकडे आले आहेत. सातबाऱ्यावरचा 'मौजे'सुद्धा. परक्या भाषेतल्या कायद्यापुढे उभा असलेला माणूस आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९४७ साली आला. अनुवादक अबा एबान. हेच पुढे इस्रायलचे परराष्ट्रमंत्री झाले आणि १९६७च्या युद्धात इजिप्तच्या विरुद्ध बाजूने जगापुढे बोलत होते. ज्याने त्या शेतकऱ्यांचे शब्द एक एक करून दुसऱ्या भाषेत नेले, तोच पुढे शत्रुपक्षाचा आवाज झाला. अनुवादाने युद्ध थांबत नाही, हे मान्य करायला हवे. पण एबान यांचे पुस्तक अजून वाचले जाते आणि त्यातले शेतकरी कोणाचेच शत्रू वाटत नाहीत.

आपल्या गुरुजनांनी वाचावे असे दुसरे पुस्तक ताहा हुसेन यांचे. १८८९ साली वरच्या इजिप्तमधल्या एका खेड्यात जन्म. लहानपणी डोळे आले, गावच्या न्हाव्याने उपचार केले आणि दृष्टी गेली. 'अल अय्याम', म्हणजे 'ते दिवस', हे त्यांचे आत्मकथन १९२९ साली पुस्तकरूपाने आले आणि तीन वर्षांत इंग्रजीत गेले. त्यात गावची शाळा आहे, पाठांतर आहे, आपल्या पंतोजींसारखे मास्तर आहेत. आणि चार वर्षांच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू आहे. सणाच्या तयारीच्या दिवसांत ती तापाने फणफणते, घरात कोणी वैद्याला बोलावत नाही आणि ती जाते. थोरला भाऊ डॉक्टर व्हायच्या वाटेवर असताना १९०२च्या पटकीच्या साथीत गेला. हे वाचताना मला आपल्या अणदूरची हॅलो मेडिकल फाउंडेशन आठवली. गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे करण्याचे तिथले काम आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या कामाचे मोल मला ताहा हुसेन यांच्या बहिणीमुळे जास्त कळले. हा अंध मुलगा पुढे १९५०मध्ये इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि त्याने माध्यमिक शिक्षण मोफत केले. पाणी आणि हवा जशी सर्वांची, तसे शिक्षण सर्वांचे, असा त्यांचा आग्रह होता.

या वाचनाकडे मी वळले ते कामामुळे. २०११ साली आमच्या प्रकल्पातली एक टोळी कैरोत होती. रोज दुपारी फोनवर बोलणे व्हायचे, ते फक्त कामाचे. त्या जानेवारीत तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर सरकारने जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट बंद केले. साडेतीन हजारांच्या आसपास मार्ग काही मिनिटांत जगाच्या जाळ्यातून पुसले गेले. आमच्या पडद्यावर तिकडची सगळी नावे एकदम करडी झाली. तांत्रिकदृष्ट्या काय घडले ते मला नीट समजत होते. पण ती माणसे आत्ता कुठे असतील, घरात की चौकात, त्यांच्या घरात काय बोलणे चालले असेल, याचे चित्र डोळ्यापुढे येत नव्हते. पाच दिवसांनी, २ फेब्रुवारीला जोडणी परत आली. सगळे सुखरूप होते. त्यांच्यातल्या एकीला मी विचारले, तुमच्याबद्दल काय वाचू? तिने नजीब महफूझ यांचे नाव सांगितले.

महफूझ यांना १९८८चे नोबेल मिळाले, अरबी भाषेतले पहिले. १९५६-५७मध्ये आलेल्या त्यांच्या तीन कादंबऱ्यांत कैरोतल्या एका व्यापाऱ्याचे घराणे आहे. त्यातली अमीना नवऱ्याच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडत नाही. नवरा परगावी गेलेला असताना मुलांच्या आग्रहाने ती एकदाच हुसेनच्या दर्ग्याला जाते. वाटेत मोटारीचा धक्का लागतो, बातमी फुटते आणि नवरा तिला माहेरी धाडतो. माझ्या आजीच्या पिढीतल्या किती बायका मला त्या पानांवर दिसल्या! पुढे १९१९च्या इंग्रजविरोधी चळवळीत अमीनाचा मुलगा गोळीला बळी पडतो. त्याच वर्षी आपल्याकडे जालियनवाला बाग झाली.

आपला खंडोबा कानडी मुलखात मैलार होतो आणि तेलंगणात मल्लण्णा. सीमेवरच्या गावातल्या आपल्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. भाषा बदलली तरी माणूस ओळखू येतो, ही सवय आपल्याला घरातूनच आहे.

एक विनंती करून थांबते. मी वर सांगितलेली बरीचशी पुस्तके मला इंग्रजीतून वाचावी लागली. आपल्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलीला ती वाट आज सोपी नाही. या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयात अनुवादित पुस्तकांचे एक कपाट करावे असे मला वाटते. गौरी देशपांडे यांच्या सोळा खंडांपैकी जितके मिळतील तितके मी आणून देईन. कानडी, उर्दू, तेलुगू, बंगालीतून मराठीत आलेली पुस्तके तुम्ही आणा. आपल्यापैकी जे शिक्षक झाले आहेत त्यांनी वर्षातून एक तास मुलांना त्यातले एखादे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. मारूफ चांभाराच्या काकवीपासून सुरुवात केली तर मुले नक्की ऐकतील.

आपलीच,
एक माजी विद्यार्थिनी