शव, स्पर्श आणि शरीरशास्त्र

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज परदेशांतील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत. अभ्यासक्रमाच्या आरंभीच त्यांना शवविच्छेदन कक्षात उभे राहावे लागते. समोर मृतदेह असतो आणि पुस्तकात वाचलेली धमनी स्वतःच्या बोटांनी शोधून काढावी लागते. आपल्याला ही अभ्यासातील एक साधी बाब वाटते. परंतु मृत मानवी देहाला ज्ञानासाठी हात लावता यावा, यासाठी माणसाला दीर्घकाळ झगडावे लागले आहे. भारतात तर या प्रश्नाचे नाते थेट अस्पृश्यतेशी जोडलेले आहे. म्हणून हा इतिहास आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम युरोपकडे पाहू. दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्याचे ग्रंथ तेथे हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले जात होते. गेलेनने माकडे, डुकरे इत्यादी प्राण्यांचे विच्छेदन केले होते आणि त्यावरून मानवी शरीराविषयी अनुमाने बांधली होती. मध्ययुगीन विद्यापीठांत प्राध्यापक उच्चासनावर बसून ग्रंथ वाचून दाखवीत, तर खाली एखादा न्हावी-शल्यकार प्रेत कापीत असे. ग्रंथ वाचणारा हात लावीत नसे आणि हात लावणाऱ्याला ग्रंथाची भाषा येत नसे. त्यामुळे ग्रंथातील चूक डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नव्हती.

पदुआ विद्यापीठातील आंद्रेआस व्हेसालियस हा प्राध्यापक आसनावरून खाली उतरला आणि त्याने स्वतः शस्त्र हाती घेतले. गेलेनने दोन हाडांचा सांगितलेला माणसाचा खालचा जबडा प्रत्यक्षात एकाच हाडाचा आहे, हे त्याने दाखवून दिले. 1543 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तो स्वतः मृतदेहाला हात लावून उभा असलेला दिसतो. पुढे याच विद्यापीठात शिकलेल्या विल्यम हार्वेने हृदय अर्ध्या तासात किती रक्त बाहेर टाकते याचा हिशोब मांडला. ते रक्त सबंध शरीरात असलेल्या रक्ताहूनही अधिक भरले. इतके रक्त अन्नातून सतत नव्याने तयार होणे अशक्य आहे. तेच रक्त शरीरात फिरत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने 1628 मध्ये जगापुढे ठेवला.

आता भारताकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची पद्धत सांगितलेली आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवावा. मग वाळा, केस वा बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडून पाहावा, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्ष पाहणे आणि शास्त्र वाचणे या दोहोंनी मिळून ज्ञान वाढते, हेही त्या ग्रंथाने नमूद केले आहे. व्हेसालियसच्या कितीतरी शतके आधीची ही दृष्टी आहे. मग ती परंपरा पुढे का गेली नाही? सुश्रुताने 300 हाडे सांगितली, चरकाने 360. प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात. दात व कूर्चा हाडांत धरल्या की संख्या वाढते, हे खरे. परंतु दोन ग्रंथांतील हा मतभेद मृतदेहापाशी बसून मिटविता आला असता. तसे घडले नाही.

याचे उत्तर धर्मशास्त्रात सापडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील एका श्लोकात चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण, शव आणि शवाला शिवलेला मनुष्य यांची एकत्र यादी दिली आहे. यांपैकी कोणालाही स्पर्श झाल्यास स्नान करून शुद्ध व्हावे, असा तो नियम आहे. वैद्याचे अन्न निषिद्ध मानून श्राद्धाच्या पंक्तीतूनही त्याला दूर ठेवण्यास हाच ग्रंथ सांगतो. जिवंत माणसाला अस्पृश्य ठरविणाऱ्या विचाराने मृतदेहालाही अस्पृश्य ठरविले आणि ज्ञानाची वाट अडविली. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण म्हणून जातिव्यवस्थेकडेच बोट दाखविले. त्या ग्रंथाचा पहिला खंड 1902 मध्ये प्रसिद्ध झाला होता. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे ज्या मनुस्मृतीचे दहन झाले, तिने आपल्या पूर्वजांची माणुसकी नाकारली होती आणि त्याबरोबर साऱ्या देशाच्या विज्ञानाचेही नुकसान केले होते.

बौद्ध परंपरेचा दृष्टिकोन निराळा होता. भिक्खू स्मशानात जाऊन मृतदेहाचे निरीक्षण करीत. केस, नखे, त्वचा, स्नायू, हाडे, हृदय, यकृत अशा शरीरभागांची स्मृती हा साधनेचाच भाग होता. तिचा हेतू अनित्यतेची जाणीव हा होता, शरीरशास्त्र हा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही तेथे शव विटाळाची वस्तू नव्हते. अतिसाराने आजारी पडून मलमूत्रात लोळत असलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः आनंदाच्या साहाय्याने स्नान घातले, ही विनयपिटकातील घटना स्पर्शाविषयीची बौद्ध भूमिका स्पष्ट करते.

पुढे 1835 मध्ये कलकत्त्यात मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि 1836 मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी काही विद्यार्थ्यांसह तेथे शवविच्छेदन केले. ही घटना क्रांतिकारक म्हणून गौरविली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र प्रेताला हात लावणारे लोक भारतात त्याआधीही होतेच. बंगालमध्ये शवागारातील कामगाराला आजही ‘डोम’ म्हणतात, आणि ते एका जातीचे नाव आहे. महाराष्ट्रात मेलेली गुरे ओढण्याचे व त्यांचे कातडे सोडविण्याचे काम आपल्याच लोकांवर लादले गेले. सांधे कोठे आहेत, स्नायू हाडाला कसा धरून असतो, हे त्या हातांना ठाऊक होते. पण त्यांना अक्षर नाकारलेले होते. त्या सक्तीच्या कामाचा गौरव करण्याचे कारण नाही. ते सोडण्यास बाबासाहेबांनी सांगितले ते न्याय्यच होते. मात्र हात एका जातीकडे आणि लेखणी दुसऱ्या जातीकडे राहिल्याने विद्येचे किती नुकसान झाले, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

पाश्चात्त्य देशांतही सारे निर्मळ होते असे नाही. 1788 मध्ये न्यूयॉर्कमधील स्वतंत्र व गुलाम कृष्णवर्णीयांनी, आपल्या दफनभूमीतून विच्छेदनासाठी प्रेते उकरली जातात, अशी लेखी तक्रार केली. तिची दखल घेतली गेली नाही. गोऱ्यांच्या दफनभूमीतूनही प्रेत नेल्याची बातमी पसरली, तेव्हा मात्र शहरात दंगल उसळली. ब्रिटनमध्ये 1832 च्या कायद्याने गरीबगृहे व रुग्णालयांतील गरिबांची बेवारस प्रेते महाविद्यालयांना मिळू लागली. ज्ञान सर्वांचे झाले, तरी त्यासाठी वापरलेले देह बहुधा दुर्बलांचेच होते, आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

आज अनेक देशांत लोक स्वेच्छेने देहदान करतात. आपल्या मुलांना असा देह अभ्यासासाठी मिळतो, तेव्हा दात्याची जात, धर्म, वर्ण यांचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मुलगी वा मुलगा विच्छेदन कक्षातील पहिल्या दिवसाविषयी घरी बोलू लागेल, तेव्हा हा इतिहास त्यांना अवश्य सांगावा. ज्यांच्या पणजोबांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांची पणतवंडे आज रोग्याची नाडी पाहणार आहेत. देहदानाचा विचारही आपल्या कुटुंबांत मोकळेपणाने व्हावा. इतरांनी दिलेल्या देहांवर आपली मुले शिकत आहेत. त्याची परतफेड करणे आपल्याला शक्य आहे.