विठ्ठल, मास्टर
(मृत्यू १९६९). मूकपटकालीन साहसपटांचे नायक आणि ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटातील प्रमुख नट.

बालनट म्हणून रंगभूमीवर वावरल्यानंतर ते कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनीत (पहा : पेंटर, बाबूराव) संकलनाच्या कामावर रुजू झाले आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटात नर्तकीच्या वेषात प्रथम पडद्यावर आले. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या ‘रतन मंजिरी’पासून (१९२६) तलवारबाजी व अंगचापल्य यांवर उभ्या राहिलेल्या भूमिकांनी त्यांना ‘भारतीय डग्लस फेअरबँक्स’ ही ख्याती लाभली (पहा : मूकपट). करार मोडल्यावरून शारदाने गुदरलेल्या दाव्यात बॅ. महंमद अली जीना त्यांचे वकील होते. निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला.

मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’त मात्र, हिंदुस्थानी उच्चार सदोष असल्यामुळे, नायकास बहुतांशी ग्लानीतच दाखविणे प्राप्त झाले. ‘आवारा शहजादा’ (१९३३) त्यांनी दिग्दर्शित केला; उत्तरकाळी ते मराठी चित्रपटांत दुय्यम भूमिकांकडे वळले. देहाच्या भाषेकडून वाणीकडे झालेल्या चित्रपटकलेच्या संक्रमणाचा आघात त्यांच्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणा नटाच्या कारकिर्दीत उमटला आहे. तरीही इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख बहुधा त्या एका बोलपटापुरताच येतो (पहा : बोलपट).